गाडीच्या सीटवरची चिठ्ठी वाचली का?

तीस वर्षे मी कृषी विस्ताराचे काम करीत आलो आहे. या तीस वर्षांत गावोगावच्या चावडीवर, समाजमंदिरात आणि वावराच्या धुऱ्यावर उभे राहून मी एक वाक्य किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. ते वाक्य म्हणजे, "फवारणीचे औषध फोडण्याआधी डब्यावरची चिठ्ठी वाचा." लाल रंग असला तर ते औषध सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हे मी इतक्या लोकांना शिकविले की काही गावांत मुले मला 'चिठ्ठीवाले साहेब' म्हणतात.

अशा या चिठ्ठीवाल्या साहेबाने स्वतःच्या गाडीवरची चिठ्ठी दोन वर्षे वाचली नाही. ती हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. सांगताना लाज वाटते, पण माझ्यासारखी चूक तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात उभी असेल, म्हणून सांगतो.

माझे घर नागपूरला मनीषनगरात आहे. 2023 च्या दसऱ्याला आम्ही नवी मोटारगाडी घेतली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबे ठेवली, हार घातला. आणि शोरूममधून निघून घरी येण्याआधीच सीट कव्हर बसवून घेतले! जाड, रेक्झिनचे, चांगले शिवलेले, साडेसहा हजार रुपयांचे. सीट मळू नये हा हेतू. तुम्हीही असेच करता की नाही? आपल्याकडे नव्या गाडीचे पहिले काम हेच.

या वर्षी माझ्या मोठ्या भावाच्या मुलाने गाडी घेतली. दादा, वहिनी आणि पुतण्या गावाहून मनीषनगरला आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना कव्हरच्या दुकानात घेऊन गेलो. तिथला पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने सीटच्या कडेला बोट लावून विचारले, "साहेब, हिच्यात बाजूची एअर बॅग आहे. एअर बॅगवालं कव्हर द्यायचं की साधं?"

मी विचारले, "म्हणजे काय?"

त्याने सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे दाराच्या अंगाला, शिवणीत शिवलेली बोटभर कापडी चिठ्ठी दाखविली. तिच्यावर 'एअर बॅग' असे इंग्रजी अक्षरांत छापलेले होते. पोरगा म्हणाला, "ही शिवण फाटून पिशवी बाहेर येते. जाड कव्हर घट्ट चढवलं तर ती निघणार कुठून?"

घरी आल्यावर मी चहाही न घेता खाली माझ्या गाडीपाशी गेलो. पुढच्या सीटचे कव्हर कडेने ओढून पाहिले. आत तशीच चिठ्ठी, तशीच शिवण! दोन वर्षे मी ती साडेसहा हजारांच्या रेक्झिनखाली गाडून ठेवली होती. मागच्या सीटवर हात फिरविला, तर पट्ट्याची कुलुपेही दिसेनात. तीही कव्हरखाली दाबून टाकलेली. या मागच्या सीटवर, डाव्या दाराला टेकून, माझी ऐंशी वर्षांची आई दोन वर्षे गावाहून नागपूरला डोळे दाखवायला येत-जात होती. अंगावर काटा आला.

धडक बाजूने बसली तर

त्या रात्रीपासून मी हा विषय समजून घेतला. जसा समजला तसा सांगतो.

गाडी समोरून आपटली, तर माणूस आणि धडक यांच्यामध्ये बॉनेट असते, इंजिन असते. दोन-तीन फूट पत्रा चेपत जातो आणि चेपता चेपता धडकेचा जोर खातो. उसाच्या चरकात ऊस घातला की तो आधी दबतो, मग पुढे सरकतो, तसेच काहीसे. पण धडक बाजूने बसली तर? तुमच्या खांद्यापासून दारापर्यंत अंतर किती असते ते आजच मोजून पाहा. एक वीत. फार तर दीड वीत. तेवढ्यात दाराचा पत्रा, काच आणि समोरच्या गाडीचे तोंड एकदम अंगावर येते. छातीच्या फासळ्या, डावीकडे प्लीहा, उजवीकडे यकृत, खाली खुब्याचे हाड आणि वर डोके, हे सगळे त्या एका विताच्या भरवशावर असते.

आणि जोर किती? ताशी 50 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. या वेगाने आपटणे म्हणजे सुमारे 32 फूट खोल कोरड्या विहिरीत पडण्यासारखे आहे. विहिरीच्या काठावर आपण पोराला हात धरून उभे करतो. गाडीत मात्र त्याला मांडीवर मोकळे बसवितो.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर बाजूची धडक काही क्वचितची गोष्ट नाही. पांदणीतून मोठ्या सडकेवर येताना, फाट्यावर वळताना, चौकात रस्ता ओलांडताना गाडीची कूसच समोरच्या वाहनाच्या तोंडाला लागते. तुरीच्या, पऱ्हाटीच्या उभ्या पिकात वळण दिसत नाही, हे वेगळेच.

मुंडे साहेबांचा अपघात आठवा

तुम्हाला 3 जून 2014 ची सकाळ आठवत असेल. गोपीनाथराव मुंडे हे परळी तालुक्यातल्या नाथरा गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. 26 मे रोजी त्यांनी केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेतली आणि ग्रामविकास खाते त्यांच्याकडे आले. आठवडाभरानंतर ते आपल्या बीड जिल्ह्यात येण्यासाठी दिल्लीत भल्या सकाळी विमानतळाकडे निघाले होते. ते मागच्या सीटवर बसले होते. चौकात दुसरी एक मोटार आली आणि ज्या बाजूला ते बसले होते त्याच बाजूला धडकली. गाडीकडे पाहिले तर हा काही भयंकर अपघात वाटत नव्हता. गाडीचा चुराडा झालेला नव्हता, पुढे बसलेले वाचले. पण मुंडे साहेबांच्या पोटात यकृताला इजा होऊन रक्तस्राव झाला, मानेलाही मार बसला. त्यांना एम्सच्या अपघात विभागात नेले, पण उपयोग झाला नाही. जो माणूस सत्कारासाठी गावी यायचा, त्याच्या अंत्यसंस्काराला परळीत जनसागर लोटला.

मुंडे साहेबांनी पट्टा लावलेला नव्हता. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन हे स्वतः डॉक्टर. मागच्या सीटचा पट्टा नुसता शोभेचा असतो, या गैरसमजापायी आपण एक मित्र गमावला, अशा अर्थाचे ते तेव्हा बोलले होते.

पट्टा असता तर ते नक्की वाचलेच असते, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. धडक आपल्याच अंगाला बसते तेव्हा दारच आत येते, आणि पट्टा काही दाराला थोपवीत नाही. तरीही पट्टा माणसाला जागेवर धरून ठेवतो. डोके काचेवर, मान खांबावर आणि पोट दाराच्या कडेवर ज्या वेगाने आपटायचे, तो वेग कमी करतो. दार उघडले तर बाहेर फेकू देत नाही. आणि धडक दुसऱ्या बाजूने बसली, तर शेजारच्या माणसावर आदळू देत नाही.

दुसरी घटना 4 सप्टेंबर 2022 ची. उद्योगपती सायरस मिस्त्री गुजरातेतल्या उदवाड्याहून मुंबईला येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. ही धडक समोरची होती. गाडी महागातली, हवेच्या पिशव्या पुष्कळ. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. त्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. तेव्हा गाडी किती लाखांची यावर भरवसा ठेवू नका.

सीटमध्ये दडलेली पिशवी

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. खांद्यावरून छातीवर आणि कमरेवर येणारा जो तीन टोकांचा पट्टा आज सगळीकडे आहे, तो 1959 साली स्वीडनमधल्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन नावाच्या अभियंत्याने बनविला. कंपनीने तो इतर कारखान्यांनाही वापरू दिला. त्याच कंपनीने 1994 साली बाजूच्या धडकेसाठी हवेची पिशवी आणली आणि ती बसविली सीटच्या पाठीत. 1998 साली काचेवर पडद्यासारखी उतरणारी पिशवी आणली.

पिशवी दारात न बसविता सीटमध्ये का बसविली? कारण सोपे आहे. उंच माणूस सीट मागे सारतो, ठेंगणा माणूस पुढे घेतो. पिशवी दारात असली तर ती एकाच्या छातीसमोर येईल, दुसऱ्याच्या मागे राहील. सीटमध्ये असली म्हणजे माणसाबरोबर सरकते. बंडीच्या जुवाची शिवळ बैलाच्या मानेजवळच असली पाहिजे, तसे हे आहे.

काम कसे चालते तेही पाहा. दारात किंवा मधल्या खांबात धडक ओळखणारे बारीक यंत्र असते. धडक बसली की ते इशारा देते. सीटच्या पाठीत दाबून ठेवलेला वायू सुटतो, कडेची शिवण फाटते आणि पिशवी फुगून छाती व दार यांच्या मध्ये येते. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतल्या दहा-वीस भागांत हे व्हावे लागते. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. समोरची पिशवी थोडी उशिरा आली तरी चालते, कारण तिथे चेपायला बॉनेट आहे. बाजूला तेवढी सवड नाही.

म्हणूनच जाड कव्हर घातक. पिशवी शिवण फाडून येते, पण रेक्झिन, फोम आणि दुहेरी दोरा फाडता फाडता ती उशिरा येईल, वाकडी येईल, नाहीतर मागच्या मागेच फुगेल. हरभऱ्यावर घाटेअळी येऊन गेल्यावर फवारा मारला तर काय उपयोग? तीच गत.

फायदा किती होतो? अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालविलेली महामार्ग सुरक्षेची एक संस्था आहे. तिने प्रत्यक्ष अपघात तपासले. चालकाच्या बाजूने धडक बसली, तेव्हा डोके सांभाळणारी बाजूची पिशवी असलेल्या मोटारीत चालक दगावण्याचा धोका 37 टक्क्यांनी, तर उंच जीपसारख्या गाड्यांत 52 टक्क्यांनी कमी आढळला. पिशवी फक्त छातीपुरती असेल तेव्हा हे प्रमाण अनुक्रमे 26 आणि 30 टक्के होते. म्हणजे सीटमधली पिशवी आणि वरचा पडदा ही दोन्ही मिळून बैलजोडी आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. पिशवीला इंग्रजीत जे नाव आहे त्यात 'पूरक' असा शब्द आहे. पूरक कशाला? पट्ट्याला. आपल्या भाषेत सांगायचे तर पट्टा म्हणजे शेणखत आणि पिशवी म्हणजे वरचा फवारा. जमिनीत खतच नसेल तर नुसत्या फवाऱ्यावर पीक येत नाही. पट्टा नसलेला माणूस धडकेत जागेवरून हलतो आणि पिशवी जिथे उघडते तिथे तो नसतोच.

"मागं कायले लागते पट्टा?"

हे सगळे मी दादाला सांगितले. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गावात संत्र्याची बाग आणि दहा एकर कोरडवाहू सांभाळतो. तो सोफ्यावर बसून शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "समोर बसणाऱ्यानं लावावा. पोलिस तिथंच पाहते. मागं कायले लागते पट्टा?"

दादाचा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरातला आहे, म्हणून त्याचे उत्तर इथे देतो.

पहिले म्हणजे कायदा. मोटारीत पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्यानेही पट्टा लावलाच पाहिजे, असा नियम आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून पट्टा न लावण्याचा दंड 1000 रुपये झाला. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय बसविले, तरी तेवढाच दंड.

दुसरे म्हणजे हिशेब. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली 15,224. पट्टा न लावल्यामुळे गेलेल्यांचा आकडा 16,715. त्यांत चालक 8,384 आणि प्रवासी 8,331. पाहिलेत? जितके चालक, जवळजवळ तितकेच प्रवासी. मरण काही स्टिअरिंग पाहून येत नाही.

तिसरे म्हणजे शेजारधर्म. मागचा माणूस मोकळा असला की धडकेत तो नांगरातून सुटलेल्या फाळासारखा उडतो आणि पुढच्यावर आदळतो. जपानमधल्या संशोधकांनी हजारो अपघात तपासून 2002 साली दाखविले, की मागचे प्रवासी बिनपट्ट्याचे असतील तर पुढच्या, पट्टा लावलेल्या माणसांच्याही मृत्यूचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. मी दादाला म्हटले, "दादा, तू मागं मोकळा बसला तर गाडी चालवणारं तुझंच पोरगं पुढं आहे."

दादा त्यावर काही बोलला नाही. सुपारीचे खांड तोंडात टाकून खिडकीबाहेर बघत राहिला.

सरकारने काय केले?

बाजूच्या धडकेचा विचार आपल्या देशात उशिरा सुरू झाला, पण झाला. 1 ऑक्टोबर 2017 पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून सर्व नव्या मोटारींना बाजूच्या धडकेच्या चाचणीत उतरणे सक्तीचे झाले. या चाचणीत ताशी 50 किलोमीटर वेगाने एक जड गाडा उभ्या गाडीच्या कुशीत आदळवितात. आत माणसांऐवजी यंत्रे बसविलेले पुतळे असतात आणि त्यांच्या फासळ्या किती दबल्या ते मोजतात. पुण्याची एआरएआय ही संस्था वाहनांच्या अशा चाचण्या करते.

पुढच्या दोन्ही सीटांसाठी समोरच्या पिशव्या आता सर्व नव्या मोटारींत असतातच. चालकासाठी 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्यासाठी जानेवारी 2022 पासून ही सक्ती आहे. बाजूच्या दोन आणि पडद्याच्या दोन धरून एकूण सहा पिशव्या सक्तीच्या कराव्यात, असा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी 2022 मध्ये काढला. आमच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी हेच त्या खात्याचे मंत्री. ही सक्ती आधी ऑक्टोबर 2022 पासून होणार होती, ती वर्षभर पुढे ढकलली गेली. मग सप्टेंबर 2023 मध्ये गडकरी यांनी सांगितले की सक्ती करणार नाही. त्याआधी, 22 ऑगस्ट 2023 रोजी, 'भारत एनकॅप' ही गाड्यांना तारे देणारी योजना त्यांनी जाहीर केली होती. तिच्यात समोरची धडक, बाजूची धडक आणि खांबावर बाजूने आदळण्याची चाचणी असते. मोठ्या माणसांसाठी वेगळे तारे, मुलांसाठी वेगळे.

याचा अर्थ तुमच्यासाठी एवढाच, की सहा पिशव्या अजून कायद्याने मिळत नाहीत, मागून घ्याव्या लागतात. अनेक कंपन्या आता लहान गाड्यांतही त्या देऊ लागल्या आहेत. गाडी घेताना आपण चकचकीत चाके आणि गाण्याचा मोठा पडदा बघतो. बियाणे घेताना पिशवीवरचे चित्र बघून घेता का? उगवणशक्ती बघता ना? मग गाडीचे तारे आणि पिशव्यांची संख्या आधी विचारा. ऐपत तेवढीच असेल तर चाके साधी घ्या, पिशव्या जास्त घ्या.

घरच्या घरी करण्याची कामे

आता कामाचे सांगतो. यातले बहुतेक विनाखर्चाचे आहे.

सीटच्या पाठीच्या दाराकडच्या कडेला ती चिठ्ठी आहे का पाहा. असल्यास घट्ट, जाड कव्हर काढून टाका. कव्हर हवेच असेल तर बाजूच्या पिशवीसाठी कड मोकळी सोडलेले किंवा तिथे कच्ची शिवण घातलेले कव्हर मागा. साधी सुती चादर पाठीवर टाकली तरी बाजूची कड झाकू नका.

मागच्या सीटवरची पट्ट्याची कुलुपे वर काढा. पट्टा ओढून पाहा. झटका दिला की अडकला पाहिजे, सोडला की आपोआप आत गेला पाहिजे. उंदराने कुरतडला असेल तर बदला.

पट्टा कमरेच्या हाडावरून घ्या, पोटावरून नको. वरचा भाग गळ्याच्या हाडावरून छातीच्या मधून जाऊ द्या. काखेखालून घेऊ नका. गरोदर सुनेने, लेकीने कमरेचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा पट्टा पोटाच्या बाजूने घ्यावा. पोटात बाळ आहे म्हणून पट्टा टाळणे म्हणजे दोघांचेही संरक्षण काढून घेणे आहे.

सीट आणि दार यांच्यामध्ये पाण्याची बाटली, छत्री, विळा, पाना असे काही कोंबू नका. पिशवी उघडली तर तेच अंगात घुसेल. खिडकीवरच्या कडीला कठीण वस्तू लटकवू नका, तिथून पडदा उतरतो. दाराला डोके टेकवून झोपू नका. मुलांना तर मुळीच झोपू देऊ नका. दुपारच्या लग्नाहून परतताना हेच होते.

मूल मांडीवर घेऊ नका. लहानग्यासाठी खास सीट घ्या आणि ती मागे बसवा. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा असेल, तर ती जागा दोन्ही दारांपासून लांब असते.

गाडीची किल्ली फिरविली की पिशवीचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटूनच राहिला किंवा पेटलाच नाही, तर बिघाड आहे. जुनी गाडी घेताना हे आधी तपासा. पिशवी एकदा उघडली की पुन्हा उपयोगाची नसते, नवीच बसवावी लागते. सीटच्या आत पाण्याची नळी मारू नका आणि शिवण स्वतः उकलू नका.

आणि रस्त्यावरचे सर्वांत मोठे काम. पांदणीतून सडकेवर येताना पूर्ण थांबा. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा, मगच निघा. ट्रॅक्टरमागे ट्रॉली असेल तर रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो याचा अंदाज घ्या. ट्रॉलीला मागे आणि दोन्ही बाजूंनी चमकणाऱ्या पट्ट्या लावा. रात्री आडव्या उभ्या ट्रॉलीत मोटार शिरते, तेव्हा त्या मोटारीतही कुणाची तरी लेकरे असतात.

खच्चून भरलेल्या काळी-पिवळीत किंवा मागच्या आडव्या बाकावर यातले काही जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. बाजाराला जाणे टळत नाही. पण स्वतःची गाडी दारात असताना तरी आपल्या हाताने संरक्षण काढून टाकू नये, एवढेच मागणे आहे.

आईचे दावे

त्याच रात्री मी ब्लेड घेऊन माझ्या गाडीचे कव्हर उसवले. बायको म्हणाली, "साडेसहा हजार!" पण मग तीच टॉर्च धरून उभी राहिली. मागच्या सीटखालून तीन कुलुपे निघाली, फॅक्टरीतून आल्यासारखी कोरी.

आठ दिवसांनी आईला आणायला गावी गेलो. तिला मागे बसविले आणि पट्टा लावू लागलो, तशी ती म्हणाली, "काऊन रे, मले गायीसारखं दावं लावतं काय?" मी म्हटले, "आई, पोळ्याच्या गर्दीत तू माझ्या कमरेला पदर बांधून न्यायची, आठवते का?" ती काही बोलली नाही. कुलूप लागल्याचा आवाज झाला तेव्हा तिने एकदा पट्ट्यावरून हात फिरविला आणि लुगडे सारखे केले.

दादा ओसरीवरून हे पाहत होता. परवा पुतण्याचा फोन आला. त्याने कव्हर मोकळ्या कडेचेच बसविले. मी विचारले, "आणि बाबा? पट्टा लावतात का?" पुतण्या म्हणाला, "काका, बाबा रोज कुरकुर करते. पण मी किल्ली फिरवतच नाही, मग लावते."

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, हे पान बाजूला ठेवलेत की गाडीपाशी जा. पुढच्या सीटची दाराकडची कड चाचपा, मागच्या सीटखाली हात घाला. चिठ्ठी सापडली तर घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा, आणि कुलुपे आजच वर काढा. उद्या घरातले कुणीतरी त्याच सीटवर बसून तालुक्याला निघणार आहे.